वीणा खाली ठेवत नाहीत: वडवणीजवळच्या सप्ताहातले तीन दिवस

"चल, तुला गणित दाखवते," असं कुणी म्हटलं की मी मागच्या दाराने पळणारी बाई. शाळेत त्या विषयात काठावर पास झाले तेव्हा घरी पेढे वाटले होते, एवढं सांगितलं तरी पुरे. पण माझी धाकटी बहीण मीनल नेमकी गणितातच रमली. कॉलेजात शिकवते आणि गेली चारेक वर्षं प्रबंधासाठी बीड जिल्ह्यात फेऱ्या मारते. विषय विचारला तर सांगते, "सप्ताहातल्या पहाऱ्यांची रचना आणि गावाने वाटून घ्यायची सौरवीज." हे ऐकून आमच्या आईने एकदा शांतपणे विचारलं होतं, "दोन्ही एकाच प्रबंधात? पैसे वाचवायला का गं?"

या माघात मीनलचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, या वेळी तू चल. काल्याच्या दिवशी गाव बसणार आहे. ठेवायची की काढायची, तो निर्णय आहे."

काय काढायची ते सांगते. वडवणीजवळच्या एका गावात (नाव मुद्दाम देत नाही, गावाची भांडणं चव्हाट्यावर कशाला) गायरानात सौरपाट्या उभ्या आहेत. सगळ्या गावाच्या मिळून. त्यांच्यावर पाळीपाळीने एकेकाची विहिरीवरची मोटार चालते. का, तर शेतीची वीज येते रात्री, आणि रात्रीच्या थंडीत साप-विंचवात दारं धरायला कुणाला हौस नसते. दारं धरणं म्हणजे सरी भरली की माती ओढून पाणी पुढच्या सरीत सोडणं. दिवसा पाणी द्यायला मिळावं, एवढंच गावाला हवं होतं. पाळ्या लावून दिल्या होत्या मीनलने. एक हंगाम बरा गेला, मग भांडणं लागली, आणि दिवाळीपासून त्या पाट्या नुसत्या ऊन खात उभ्या. आता गावाने नको म्हटलं तर त्या दुसऱ्या गावाला जाणार आणि मीनलची चार वर्षं पाण्यात. मी बॅग भरली.

पुण्याहून सकाळची एसटी धरा. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे कंडक्टरकडे बघून उगाच प्रेम दाटून येतं. मात्र गाडी कुठल्या मार्गाने जाते ते चढायच्या आधी विचारा. जामखेड-पाटोद्यावरून जाणारी असेल तर मांजरसुंब्याला उतरता येतं, नाहीतर बीडला जाऊन मागे यावं लागतं. नगर सोडलं की जमीन रंग बदलते. हिरवं कमी, पिवळं-करडं जास्त, आणि मधूनमधून ज्वारीची कणसं अशी भरलेली की गाडी थांबवून हुरडा मागावासा वाटतो. पाटोद्याच्या पुढे डोंगरांच्या माथ्यावर पवनचक्क्या फिरत होत्या. मीनल खिडकीला नाक लावून त्या बघत होती. "वारा पडला की थांबतात," ती म्हणाली, "सूर्य गेला की पाट्या थांबतात. सगळी स्वच्छ ऊर्जा तुटक असते ताई. तुटक तुकड्यांतून अखंड काहीतरी कसं बनवायचं, एवढाच माझा प्रश्न आहे." मी तिला शेंगदाण्याची चिक्की दिली. दुसरं काय देणार?

मांजरसुंब्याला ढाब्यांची रांग आहे. कुठेही बसा, पण थाळीच्या नादी लागू नका. शेवभाजी आणि बाजरीची भाकरी सुटी मागवा. रस्सा काळ्या मसाल्याचा, पहिल्या घासाला कान गरम होतात. दोघींचं पोटभर जेवण पुण्यातल्या दोन कॉफ्यांच्या पैशांत झालं. तिथेच रफीकभाई त्यांची पिकअप घेऊन आले. त्यांचं वडवणीला जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान आहे, गावच्या पाट्या त्यांनीच बसवल्या, आणि सप्ताहाचे माइक-लाइटही तेच बघतात. मागे एक भोंगा आणि वायरींची वेटोळी होती, पुढे आम्ही तिघं.

"रफीकभाई, बिघडलं कुठे नक्की?" मी विचारलं.

"मशीन बिघडलंच न्हाई ताई. मानसं बिघडली." त्यांनी गिअर टाकला. "म्याडमनं टायमर लावला. वेळ झाली की एकाची मोटार बंद, दुसऱ्याची आपोआप चालू. कुनी कुनाकडं जायाचं न्हाई, बोलायचं न्हाई. पैले लई खूश सगळे. मंग एक दिस ढग आले, पानी कमी पडलं. दगडूअन्ना म्हनला, बबननं टायमर फिरवला. बबन म्हनला, अन्नानं. मी म्हनलं, अरे बाबांनो, ढग हाय वर, बघा की! पर ढगाबरोबर भांडता येत न्हाई ना. बबनबरोबर येतं."

हे दगडूअण्णा आणि बबन चुलतभाऊ. शेताला शेत लागून. बांधावरच्या एका बाभळीवरून बोलणं तुटलेलं. बाभूळ कधीच वाळून सरपणात गेली, पण भांडण मात्र हिरवंगार. काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याला सांगतात, "त्याला म्हनावं, बैल आमच्या हरभऱ्यात आलाय," आणि तो "त्याला" दोन हातांवर उभा असतो.

गाडीतून उतरताना मीनल हळूच म्हणाली, "टायमर मी भांडणं टाळायलाच लावला होता गं."

गावात शिरायच्या आधीच आवाज आला. आधी नुसती धडधड, मग टाळ, मग 'रामकृष्णहरी'. मंडळी, मी काही फार देवभोळी नाही. देवळात चप्पल कुठे काढली याच काळजीत माझं दर्शन उरकतं. पण मंडपात पाय ठेवला आणि अंगावर काटा आला. मधोमध एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा. फक्त उभा राहून तार छेडतोय आणि नाम घेतोय. भोवती लोक येतात, जातात, बाया वाती वळतात, पोरं धावतात. तो उभाच. त्याचा पहारा संपला की दुसरा येतो, आणि वीणा याच्या गळ्यातून त्याच्या गळ्यात. सात दिवस, सात रात्री. जमिनीला टेकत नाही, तार थांबत नाही.

"इथला प्रत्येक माणूस तुटक आहे," मीनल माझ्या कानाशी म्हणाली. "त्याला झोप आहे, भूक आहे, गुरं आहेत. आणि आवाज बघ."

मी आवाज ऐकला. खरं सांगते, त्या क्षणी मला पहिल्यांदा तिचा प्रबंध कळला. इतकी वर्षं मी तिची टर उडवत होते, आणि ही पोरगी एवढ्या मोठ्या गोष्टीला हात घालून बसली होती.

आमचा मुक्काम विष्णूआप्पांकडे होता. आप्पा सप्ताहाचे पहारे लावतात. त्यांच्या घरी तांब्याभर पाणी दिलं की लगेच चहा, चहा संपायच्या आत भाकरीची तयारी. नको म्हणायची सोय नाही, "कावून न्हाई? आमच्या हातचं चालत न्हाई का?" असं आप्पांच्या कारभारीणबाई डोळे वटारून विचारतात. जेवताना मीनलने मला तिच्या जुन्या पाळ्या समजावल्या. परातीत ज्वारीचं पीठ पसरलं होतं, त्यात तिने बोटाने टिंबं काढली. "हे एकेक शेतकरी. ज्यांचं पटत नाही त्यांच्यात एक रेघ. आता पाळी अशी लावायची की रेघेने जोडलेली टिंबं एकामागून एक येताच कामा नयेत. सोपं नव्हतं. गाव केवढं भांडतं तुला माहीत नाही. पण मी बसवलं. एकही रेघ न ओलांडता."

कारभारीणबाईंनी परात ओढून घेतली आणि म्हणाल्या, "गनित झालं आसंल तर भाकरी थापू का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव हिंडलो. गायरानात गेलो तर पाट्यांवर धुळीचा थर आणि एका पाटीच्या सावलीत शेळी रवंथ करत बसलेली. मीनलने ओढणीने एक पाटी पुसली. मग तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "चल, उन्हं वाढली." तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं नाही असं केलं.

दुपारी मंडपात येऊन बसलो. वीणा दगडूअण्णांच्या गळ्यात होती. उंच, वाळलेला, पांढऱ्या मिशांचा माणूस. त्यांचा पहारा संपला होता, मागच्या बाया तसं कुजबुजल्याही. पण पुढचा आला नव्हता. अण्णांनी दाराकडे एकदा बघितलं. कपाळावर आठी नाही की काही नाही, तार चालूच. घाम कानामागून ओघळत होता. माझेच पाय दुखायला लागले. पुण्यात रांगेत पुढचा माणूस क्षणभर रेंगाळला तर मी घसा खाकरते, हो!

मग दारातून एक ठेंगणा माणूस धावत आला. पाय चिखलाने भरलेले. बाहेरच्या नळावर धुतले, अंगरख्यालाच हात पुसले, पुढे झाला. तो बबन होता.

मी मीनलचा हात धरला. तिने माझा आधीच धरला होता.

अण्णा रीतीप्रमाणे वीणेसकट वाकले आणि बबनच्या पायांना हात लावला. वयाने मोठा माणूस, धाकट्या चुलतभावाच्या पायांना! बबन त्यांच्याहून खाली वाकला, जवळजवळ कपाळच टेकलं त्यांच्या पावलांवर. मग अण्णांनी गळ्यातला पट्टा काढून बबनच्या गळ्यात घातला, आणि मधला एक क्षण असा होता की वीणा दोघांच्या हातात होती. एकाची बोटं तारेवरून सुटली नव्हती, तेवढ्यात दुसऱ्याची लागली. अण्णा बाहेर गेले, कोपऱ्यात बसून पाय चोळू लागले.

मीनल मात्र उठलीच नाही तिथून. बबननंतर कोण, त्याच्यानंतर कोण, बघत बसली. मी चहा आणून दिला, तो गार झाला. ऊन उतरू लागलं तेव्हा ती माझ्याकडे वळली. चेहरा असा की मी घाबरलेच.

"ताई, बबनने कुणाला दिली? ज्याच्याशी त्याचा पाटाच्या पाण्यावरून वाद आहे त्याला. आणि त्याने पुढे? त्याच्या व्याह्याला, ज्याच्याशी लग्नातल्या मानपानापासून वाकडं आहे. चार वर्षं मी पहारे नुसते मोजले, कोण कुणाला देतो ते बघितलंच नाही. अगं, मी ज्या रेघा टाळल्या ना, बरोबर त्याच रेघांवरून वीणा चाललीय!"

आम्ही आप्पांना गाठलं. मीनलने विचारलं, "आप्पा, भांडणाऱ्यांना तुम्ही मुद्दाम एकामागे एक लावता?"

आप्पा हसले. "मुद्दाम कशाला लावू बाई? शेताला शेत लागून तसा पहाऱ्याला पहारा. माज्या बापाच्या वक्तापासनं असंच हाय. उठवायला जायाला बरं पडतं, शेजारीच की."

"आणि भांडणं?"

"भांडनं शेजाऱ्याशीच असत्यात. लांबच्या मानसाशी भांडायला कुनाला सवड हाय?"

मीनल खाली पायरीवर बसली आणि हसायलाच लागली. हसता हसता रडली. मग म्हणाली, "केवढं सोपं आहे. बांध तोच, भांडण तेच, आणि नमस्कारही तिथेच." मला त्या क्षणी काय वाटलं म्हणून सांगू? त्या गावावरून, सगळ्या रानातून, शेतामागून शेत, दर वर्षी एक अदृश्य दोरा फिरतो आणि नेमका जिथे फाटलंय तिथेच टाका घालतो. कुणी ठरवलेलं नाही. मला हात जोडावेसे वाटले, आणि देव कुठल्या दिशेला आहे तेच कळेना.

काल्याचा दिवस. सकाळपासून घराघरांतून भाकरी येत होत्या. टोपल्यांतून, फडक्यांतून, ट्रॅक्टरमधून. चादरींवर ओतून ढीग घालत होते आणि तो माझ्या खांद्याएवढा झाला तरी बाया येतच होत्या. आमटी तेवढी देवळामागे मोठ्या कढयांत, भाकरी मात्र प्रत्येक घराच्या चुलीवरची. पंगतीत बसाल तेव्हा एक लक्षात ठेवा, आमटीत भाकरी कुस्करून खायची, तुकडे मोडत बसलात तर वाढपी हसतात. रफीकभाईंच्या घरूनही टोपली आली होती. "आमच्या अम्मीच्या भाकऱ्या वळखू येत्यात," ते म्हणाले, "जाड!"

जेवणानंतर गाव पारावर बसलं. मीनल उभी राहिली. मी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ बोलले. तिने भाषण केलं नाही. म्हणाली, "टायमर काढून टाका. माझं चुकलं. पाळी शेताला शेत लागून लावा, पहाऱ्यासारखी. पाट्यांची वीज सोडायच्या पेटीला एक चावी. ज्याची पाळी आहे त्याच्या गळ्यात. पुढच्याने त्याच्या शेतात येऊन, हातातून घ्यायची. तो समोर येईपर्यंत मोटार बंद होणार नाही, आणि तो समोर आला की द्यायची."

मग रफीकभाईच बोलले, आणि मला त्यांचा रागच आला. "म्याडम, माफ करा. वीना देवाची हाय. न्हाई दिली तर पाप. मोटारीला कसलं पाप? एखाद्यानं न्हाई दिली चावी, तर?"

"बराबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "काढून द्या तिकडं. रोजची कटकट!" माना हलू लागल्या. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात बबन उठला. आप्पांकडे बघून म्हणाला, "मी घ्यायला जाईन म्हना. पर त्यो देतूय का, ते इचारा त्याला."

त्यो पाराच्या दुसऱ्या टोकाला बसला होता. दगडूअण्णांनी मिशीवरून हात फिरवला. आप्पांकडे बघितलं नाही. सरळ बबनकडे बघितलं.

"इतकी वर्सं वीना दिली न्हाई का तुला?"

बाभळीनंतरचं ते पहिलं 'तुला' होतं. बबन म्हणाला, "दिली की." आणि खाली बसला. मतं वगैरे काही झाली नाहीत. रफीकभाई उठून म्हणाले, "मंग मी पाट्या पुसायला लागतो," आणि सभा मोडली.

दुसऱ्या दिवशी निघायच्या आधी आम्ही बघायला गेलो. अण्णांच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चावी. भर उन्हात पाणी सरीतून पळत होतं. बबन बांधावर येऊन उभा राहिला. अण्णांनी फावड्याने शेवटचं दार मोडलं, हात धुतले, दोरा गळ्यातून काढला. आणि मंडळी, सवयीने दोघंही वाकले! चावीसाठी! वाकल्यावर लक्षात आलं, तसे दोघं अर्ध्यातच थांबले, ओशाळले, आणि बबन फिस्सकन हसला. अण्णा म्हणाले, "जा बे, ऊन चाललं." मी ज्वारीच्या आड जाऊन पदराने डोळे पुसले.

परतताना वेळ असेल तर बीडहून नारायणगड जरूर करा. सकाळीच जा, वर वारा छान असतो. गडावरून खाली बघितलं तर शेतंच शेतं, आणि मधले बांध. आधी मला ते कुंपण वाटलं असतं. आता प्रत्येक बांधावर दोन माणसं समोरासमोर उभी दिसत होती.

पुण्यात येऊन मीनलने प्रबंधाचं अख्खं प्रकरण पुसलं आणि नव्याने लिहायला घेतलं. पण तिला धाकधूक होतीच. ऊन असताना सगळेच शहाणे असतात. ढग आले की काय, याचं गणित तिच्या नव्या रचनेतही बसत नव्हतं. फाल्गुनात एक दिवस आभाळ भरून आलं. इकडे पुण्यातही. ती माझ्याकडेच होती, खिडकीतून वर बघत होती, जेवणात लक्ष नव्हतं. शेवटी मीच रफीकभाईंना फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ढग हाय ना इकडं पन," ते म्हणाले. "मोटार लई हळू चालली. अन्नाचं निम्मं रान कोरडं, आन बबन आला की चावी घ्यायला."

मीनलने घास खाली ठेवला. "मग? दिली?"

"अन्ना द्यायाला निघालता. पर बबननं घेतलीच न्हाई. म्हनला, सरी भरू दे तुजी. बसलाय बांधावर, किटलीभर च्या घिऊन."

"किती वेळ बसणार तो?"

रफीकभाईंना प्रश्नच कळला नसावा. पलीकडून मोटारीची मंद घरघर ऐकू येत होती, आणि त्यात मिसळलेली दोन म्हाताऱ्यांची बोलणी.

"आता ते काय मला म्हाईत न्हाई म्याडम," ते म्हणाले. "अन्नाचं व्हस्तवर."